सेफेर तोरा घेऊन खाडीपार

दाभोळला आगबोट बंदरापासून दूर उभी राहते आणि उतारूंना पडावात उतरवते. पडाववाले दंड धरून असे ओढतात की आधी आपण की आधी गाठोडं, याचा विचार करायला सवड मिळत नाही. माझ्याजवळ तर गाठोड्यापेक्षा मोठी जोखीम होती. मी मुंबईत मराठी शाळेवर मास्तर, जातीने बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणतात त्या यहुद्यांतला. खाडीच्या आतल्या एका लहान गावातल्या आमच्या प्रार्थनालयाला मुंबईकरांनी सेफेर तोरा (हस्तलिखित धर्मग्रंथाची गुंडाळी) भेट दिली होती. तिची लाकडी पेटी मी पोटाशी धरून बसलो होतो.

पुढे होडी हस्साजीची. पन्नाशीचा, कमी बोलणारा, आमच्यातलाच माणूस. भरती संपत आली होती, दोन्ही काठांना आंब्याच्या बागा उन्हात सुस्त पडल्या होत्या. पेटीत नेमकं काय असतं, असं त्याने विचारलं. मी शाळेत सांगावं तसं सांगत गेलो, तेच वाचकांसाठीही लिहितो. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. ती कातड्यावर, शाईने, हाताने लिहायची. एक अक्षर चुकलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती वाचायला चालत नाही. वाचताना उघडं बोट लावायचं नाही, चांदीच्या काडीने ओळ दाखवायची. तिला संदेष्ट्यांचे ग्रंथ आणि स्तोत्रं वगैरे इतर लेख जोडले की झाला तनाख. शिवाय तालमूद, म्हणजे या कायद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पंडित भांडले ते भांडण. त्यात वादात हरलेल्याचं मतही जपून ठेवलेलं असतं.

हस्साजी ऐकत होता. मग म्हणाला, यंदा बाप वारला. सेफेरपुढे एकदा नाव पुकारलं जावं आणि बापाच्या नावाने आशीर्वाद म्हणावा, एवढी इच्छा आहे. आशीर्वाद त्याला पाठ होता. मुकादमांना (गावातल्या आमच्या जमातीच्या प्रमुखांना) विचारलं, तर ते ‘बघू’ म्हणाले. यात बघायचं काय, असं मी म्हणालो.

गावाशी पोहोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. मी उतरलो आणि चिखलात माझा पाय घसरला. पेटी हातातून सुटली. सेफेर जमिनीवर पडली तर पाहणाऱ्यांनी उपास धरायचा, असा आमचा रिवाज. ती वेळ आली नाही, कारण हस्साजीने कंबरभर चिखलात उडी घेऊन पेटी छातीशी झेलली. काठावर मुकादम अबाजी उभे होते. ‘वाचली’ असं ते म्हणतील, असं मला वाटलं. ते हस्साजीवर ओरडले, “तुला कुणी सांगितलं हात लावायला?”

तिथे माझं डोकं फिरलं, ते अजून ठिकाणावर नाही. आमच्यात गोरे आणि काळे असे दोन थर आहेत. रंगाशी त्याचा संबंध नाही. अबाजी स्वतः तव्याच्या बुडासारखे आहेत, तरी गोरे. कुणाची पणजी परजातीची निघाली की तिचं सगळं खानदान काळं. हस्साजीचं तसंच. हिंदू वाचकांनी हसू नये, हे दुखणं आम्ही कुठून उचललं ते त्यांना ठाऊक आहे. पण परमेश्वर एक म्हणून दिवसातून दोनदा सांगणाऱ्यांनी ते उचलावं, याची मला जास्त चीड येते.

रात्री जेवण मुकादमांकडेच. बोयीचं नारळाच्या रसातलं कालवण होतं. (खवले नसलेला मासा आम्हाला वर्ज्य.) मी भांडलो. अबाजी शांतपणे म्हणाले की तुम्ही मुंबईची माणसं, आज आलात, परवा जाल. आम्हाला इथे गोऱ्या घरांत पोरींची लग्नं जमवायची आहेत. मी पानावरून उठलो.

शनिवारी, म्हणजे आमच्या शब्बाथला, सकाळी प्रार्थनालयात जमलो. सेफेर बाहेर काढायला दहा पुरुष लागतात. गावचे तरणे गडी मुंबईला गिरणीत आणि रेल्वेत. मला धरून नऊच भरले. मग मात्र मुकादमांनी निरोप धाडला आणि हस्साजी आला. धुतलेला सदरा, डोक्यावर नवी टोपी. त्याला दाराशी, वहाणांजवळ बसवलं. सेफेर ठेवलेलं कपाट उघडण्याआधी मुकादमांनी तिच्यापुढे जाणाऱ्या सातांची नावं घेतली. त्यांत मी होतो, हस्साजी नव्हता. मी उभा राहिलो आणि माझी पाळी त्याला द्या म्हणालो.

अबाजी म्हणाले, “त्याला मोजलाय. तेवढं पुरे.”

हस्साजी उठला. कपाटाकडे एकदा पाहून त्याने वहाणा घातल्या आणि निघून गेला. आम्ही नऊ उरलो. त्याला परत बोलवायला कुणी उठलं नाही, आणि मला तोंड नव्हतं. कपाट बंदच राहिलं. तालमूदाने हरलेल्याचं बोलणं शतकानुशतकं सांभाळलं. या शहाण्यांना जिवंत माणसाचं चार ओळींचं बोलणं सोसलं नाही.

रविवारी परतीची होडी त्याचीच होती. मी वाटभर तडतडत होतो, मुंबईला जाऊन सभा भरवतो म्हणत होतो. त्याला त्यात गोडी नव्हती. काल काय वाचणार होते, एवढंच त्याने विचारलं. मी सांगितलं: उपरा तुमच्यात राहिला तर त्याला छळू नका, आपल्यातलाच समजून माया करा, कारण मिसर देशात तुम्हीही उपरेच होतात. सांगताना माझा आवाज चढला. अबाजींना हरवणारी ओळ सापडली, असं मला वाटलं.

हस्साजी वल्ही मारत राहिला. मग म्हणाला, “पन मी उपरा नाय ओ, मास्तर. मी हितलाच.”

मुंबईला पोहोचल्यावर मंडळींनी विचारलं, सेफेरचं स्वागत कसं झालं. मी खरं ते सांगितलं आणि दोन सोयऱ्यांना कायमचं दुखवलं. त्यानंतर तोरा पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. उपऱ्यासाठी तीत ओळी आहेत, विधवेसाठी आहेत, गुलामासाठी आहेत, धन्याच्या बैलासाठीसुद्धा आहे. घरच्यांनी दाराशी बसवलेल्या घरच्या माणसासाठी कुठली ओळ आहे, ती मी अजून शोधतो आहे.