मोहाचे मफिन

रिबेकाच्या पायाला भिंगरी लागली होती. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. विसरवाडीच्या त्या दोन खोल्यांत फिरायला जागा ती केवढी! पण बसवेल तर शपथ.

लग्नाआधी ती नंदुरबारच्या एका बेकरीत कामाला होती. तिथे कलीमभाईंनी तिला मफिन शिकवले: कच्च्या पपईची टुटीफ्रुटी, मनुका, वेलची. उद्याच्या नाताळला उपासनेनंतर मंडळीला मफिन आपण वाटू, असं तिनेच बोलून टाकलं. हौस ठीक, पण अक्कल नको? मनुकांऐवजी बाईने घातली मोहाची सुकी फुलं! आतले पुंकेसर झटकून, भाजून, गुळाच्या पाण्यात भिजवून. तिचं म्हणणं, आपल्या रानातलं गोड सोडून बाजारातलं कशाला?

म्हणणं खरं. पण या घरात मोह येत नसे. सासरा मगन मोहाच्या दारूपायी गेला. तिचा नवरा दानियल तेव्हा तीन वर्षांचा. सासू रेवाबाईने घरातली फुलं उकिरड्यावर ओतली, आणि तीस वर्षांत पुन्हा एक फूल उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. रिबेकाला हे पक्कं ठाऊक. म्हातारी शेतावरून यायच्या आत सगळं उरकू, असा तिचा बेत.

पण वास कोण अडवणार? चुलीवर वाळूच्या पातेल्यात मफिनच्या वाट्या तापल्या, तसा मोह अंगणभर झाला. झाकण उचलायला तिचे हात शिवशिवत होते. "झाकण उघाडशी ते मफिन बसी जाई," कलीमभाई बजावायचे. ती चरफडत पुन्हा दाराकडे गेली.

दारात रेवाबाई उभी. डोक्यावर चाऱ्याचा भारा तसाच.

"मोह?"

"नुसती फुलं आहेत, आई. दारू नाही."

म्हातारीने भारा टाकला. आता पातेलं अंगणात जाणार. मंडळीपुढे नाक कापलं जाईल ते जाईल, पण या बाईचं मन आपण दुखावलं, याने रिबेकाचा जीव कासावीस झाला.

"हा वास आला की दानियलला कडेवर घेऊन मी मागच्या दाराने पळायची," रेवाबाई म्हणाली.

"फेकून देते, आई."

"राहू दे." म्हातारी चुलीशी टेकली. "आज वास आला, पण मागोमाग मारायला कोणी आलं नाही. जरा बसू दे मला इथे."