मोटारीचा तांडेल

आमच्या मोटारीचा ड्रायव्हर निघण्याआधी तर्जनी ओली करून वारा बघायचा. मोटारीला वाऱ्याशी काय देणंघेणं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "मोटारीला नसंल मास्तर, मला हाय." सगळा जन्म शिडाच्या मचव्यावर कप्तानकी करण्यात गेलेला. आगबोटींनी शिडांचा धंदा बुडवला, तेव्हा पन्नाशी उलटलेला हा तांडेल किनाऱ्यावर येऊन मोटार हाकायला शिकला. मोटारीचे मालक असलेल्या शेठनी दिलेला खाकी डगला त्याने अंगात घातला, पण बूट सीटखाली सारले आणि ब्रेक अनवाणी पायानेच दाबला. मोटार उभी करण्याला तो 'नांगरणं' म्हणे. रत्नागिरीत त्याला कोणी कधी ड्रायव्हर म्हटलं नाही.

सुट्ट्यांच्या दिवसांत मुंबईची बोट सहलीचे उतारू घेऊन सकाळी मांडवीसमोर थांबायची. पडावांतून, म्हणजे लहान होड्यांतून, मंडळी किनाऱ्याला लागली की आमचं काम सुरू. ब्रह्मी राजाचा वाडा, दीपगृह, किल्ला दाखवायचा आणि संध्याकाळी त्यांना परत बंदरावर पोचवायचं. मी मॅट्रिक झालेला, म्हणून बडबड माझ्याकडे आणि 'मास्तर' हे नावही. तांडेलाला तिचं फारसं कौतुक नव्हतं. "तुमी बोला हवं तितकं," तो म्हणायचा, "पर न्हेलेलं मानूस परत आनायचं. बाकी सगळी मज्जा."

हे नुसतं बोलणं नव्हतं. एक साहेब किल्ल्यावर घडीच्या खुर्चीत बसून समुद्राचं चित्र काढत होता. हाका मारल्या, तो हलेना. तांडेलाने त्याला खुर्चीसकट उचललं आणि मोटारीत नेऊन ठेवलं. साहेब रागावला नाही. बहुधा घाबरला असावा.

किल्ल्याच्या चढावावर मोटार धापा टाकू लागली की धडधाकट पुरुषांनी खाली उतरून ढकलायची, हा त्याचा दुसरा कायदा. एका जाडजूड व्यापाऱ्याने भाडं भरल्याची आठवण करून दिली, तेव्हा तांडेल शांतपणे म्हणाला, "मंग तुमची जागा पुढं. हितं खांदा लावा." व्यापाऱ्याने निमूटपणे खांदा लावला.

एका वर्षी नाताळात सहलीच्या गर्दीत एक विधवा बाई होत्या. माहेरच्या इथल्याच. सगळे हसत-खिदळत होते, या मात्र देऊळ कधी येणार एवढंच विचारत होत्या. किल्ल्यावर भगवतीच्या देवळात त्यांनी गुरवाला कौल लावायला सांगितला. मुंबईला त्यांचा मुलगा इस्पितळात होता. पाय सडत चालला होता, डॉक्टर उद्याच कापायचं म्हणत होते, आणि मुलगा हट्टाला पेटला होता: आई येऊन हो म्हणेपर्यंत हात लावू देणार नाही. आईचा धीर होत नव्हता. म्हणून ती देवीला विचारायला आली होती.

गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दोन्ही जागच्या हलेनात. तिकडे बोटीचा पहिला भोंगा झाला. पण कौल लावलेला असताना माणसाला देवीपुढून उठवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. साहेबाला उचलणाऱ्या तांडेलाचीही ती मोडण्याची छाती नव्हती, माझी तर नव्हतीच.

"बाय, तू बस," तो म्हणाला. "मी ह्या लोकांस्नी सोडून येतो. बोट तुला घेतल्याबिगर जानार नाय." हे त्याने कुणाच्या जोरावर सांगितलं, देव जाणे.

बाकीच्यांना मांडवीला सोडून आम्ही परत वर आलो, तेव्हा उजवी पाकळी नुकतीच पडली होती. बाई डोळे पुशीत उठल्या आणि इतकंच म्हणाल्या, "कापा म्हणते."

तोवर शेवटचा पडाव निघून गेला होता. तांडेलाने मोटार मांडवीकडे नेलीच नाही. किल्ल्याखाली मिरकरवाड्यात नांगरली, भाच्याची होडी पाण्यात लोटली आणि शीड चढवलं. आगबोट नांगर उचलून किल्ल्याच्या टोकाकडे वळत होती. तांडेलाने होडी सरळ तिच्या तोंडापुढे घातली. मी ओरडलो. "गप बसा मास्तर, पानी उपसा," एवढंच त्याचं उत्तर. भोंगा बोंबलत राहिला. समोरचं लोखंड भिंतीसारखं वाढत गेलं, आणि मग इंजिन थांबलं. शिडी खाली आली. बाई वर गेल्या. कप्तानाने ज्या शिव्या दिल्या त्या मला मॅट्रिकला शिकवल्या नव्हत्या, तरी सगळ्या समजल्या.

आठवड्याभरात कप्तानाची तक्रार आली. तांडेलाने माफी लिहून द्यावी, नाहीतर पुन्हा बंदरावर पाय ठेवू नये, असा बंदरावरच्या साहेबाचा हुकूम सुटला. शेठ हात जोडून म्हणाले, "तांडेल, दोन ओळी रे. मास्तर लिहील, तू अंगठा कर."

"तिला बोट गावली का नाय? मंग चूक कशाची लिवायची?"

त्याने डगला काढला, घडी करून सीटवर ठेवला आणि हेदवीजवळच्या आपल्या गावी निघून गेला. मला साहेबाचा राग आला, शेठचा आला, आणि खरं सांगायचं तर तांडेलाचाही आला. दोन ओळींनी काय बिघडणार होतं? नव्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून मी तीच ती माहिती सांगत राहिलो.

पावसाळा संपून बोटी पुन्हा सुरू झाल्या. मुलगा वाचला, त्याला घेऊन नवस फेडायला येतो, असं बाईंनी शेठना कळवलं. शेठनी हेदवीला तांडेलाकडे निरोप धाडला. त्या दिवशी समुद्र खवळलेला होता, पडाव वाळूला लागेना. गडी उतारूंना खांद्यावरून आणत होते. एका पायाचा तो पोरगा कुबड्या कवटाळून पडावातच बसला होता, आणि पडावाला धरून छातीभर पाण्यात तांडेल उभा होता.

बंदरावरचा शिपाई धावत आला. तांडेल पाण्यातूनच ओरडला, "बंदरावर पाय ठेवू नको म्हनालास ना? हा समुद्र हाय. ह्याच्यावर तुज्या सायबाचा हुकूम चालतो काय?"

शिपाई पाण्याच्या कडेलाच थांबला. तांडेलाने पोराला पाठीवर घेतलं, जिथे लाट संपते तिथे थांबला आणि त्याला माझ्या हातात दिलं. बाई म्हणाल्या, "तांडेल, तुम्हीही चला देवीला." त्याने नकाराची मान हलवली.

"तुमी जाऊन या. मी हाय."

संध्याकाळी किल्ल्यावरून परतलो, तेव्हा ओहोटीने पाणी पार लांब गेलं होतं. तांडेलही पाण्याबरोबर तेवढाच मागे सरकला होता, आणि कमरेएवढ्या लाटांत पोरासाठी हात पुढे करून उभा होता.