खुंटीवरच्या टोप्या

व्हर्ना हेइक्किनेन आमच्या क्लबात माणसं मोजायची. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियरच्या काठावर हिवाळा पाहुण्यासारखा येतो आणि घरजावयासारखा राहतो. तिथे पोहण्याच्या क्लबाची वर्गणी भरणारे किती टिकले आणि किती गळाले, हे ती दर महिन्याला मालक गॉर्डी ट्रेव्हॅरोला सांगे. नियम तिचाच: वर्गणी थांबली तो गेला, पुन्हा भरली तर तो नवा. तिच्या स्वयंपाकासारखाच सुटसुटीत आणि तितकाच बेचव.

ऑक्टोबरात सकाळच्या वर्गातले निम्मे गळाले. दरवर्षीच गळत. यंदा मात्र हा वर्ग भरायचा तो गरम पाण्याचा छोटा तलावच गॉर्डीने बंद करायचं ठरवलं.

"माणसं टिकतच नाहीत तिथे. तुझाच आकडा बोलतोय, व्हर्ना."

त्याच तलावात पाय मारून व्हर्नाचा गुडघा पुन्हा जिना चढू लागला होता. पण आकडा तिचा होता, आणि स्वतःच्या आकड्याशी भांडणं तिला शोभत नव्हतं. गेलेल्यांच्या पोहायच्या टोप्या खुंट्यांवरून काढून ती खोक्यात भरू लागली.

"ए बाई, माझ्या टोपीला हात लावू नकोस!" मागे लेम्पी नीमी उभी. वर्गातली सगळ्यात म्हातारी. वर्गणी कालच थांबवलेली.

"लेम्पीमावशी, तुम्ही क्लब सोडलात ना?"

"सोडला? डोकं फिरलंय का तुझं? ॲरिझोनाला चाललेय, दरवर्षीसारखी. बर्फ वितळलं की आलेच. आणि माझी खुंटी शेजारच्या खुंटीवाल्या त्या टोइव्होला दिलीस तर बघच!"

व्हर्नाने टोप्या परत टांगल्या. थंडीला कंटाळून दक्षिणेला जाणारं अर्धं गाव ती दर पानगळीत गमावत होती आणि दर वसंतात नव्याने मिळवत होती. मिळवल्याबद्दल गॉर्डी केकही आणायचा.

तिने मागची वर्षं पुन्हा मोजली, आता उन्हाळा ते उन्हाळा. जवळजवळ सगळे जागेवर होते.

गॉर्डी मांस-बटाटा भरलेली पेस्टी खाता खाता थांबला. "म्हणजे इतकी वर्षं आपण केक फुकटच खाल्ला?"

"केक चांगला असायचा," व्हर्ना म्हणाली.

तलाव राहिला. वसंतात लेम्पी उन्हाने तांबूस होऊन आली, आधी खुंटी तपासली, मग व्हर्नाला मिठी मारली. बाकीचेही आले. फक्त टोइव्हो, तोही दक्षिणेला गेलेला, उन्हाळा लागला तरी आला नाही. त्याने तिकडे लग्न केलं म्हणे. व्हर्नाच्या नव्या नियमानेही तो गेलाच.

त्याची टोपी मात्र तिने काढलेली नाही. आणखी एक हिवाळा बघू, म्हणते.