उभ्या मोटारीचा नारळ

ओळंबा सोडला की मिस्त्री एक डोळा मिटून, श्वास धरून उभे राहत. मध्ये कुणी बोललं तर नुसतं बोट वर करत. "थांबू द्या की त्याला." दोरी हलायची थांबली की मगच बोल्ट आवळायचे. असा माणूस तुम्हीही एखाद्या कारखान्यात पाहिला असेल.

सोलापूरच्या एका गिरणीच्या वर्कशॉपात मी त्यांच्या हाताखाली पाच वर्षं फिटर होतो. विजेच्या मोटारी तेव्हा नव्या होत्या. ओळंबा ते कुणाला हात लावू देत नसत. "जेवणाचा डबा माग, ह्यो न्हाय."

एकदा मॅनेजरसाहेबांनी ड्रिल मशीनवर मोटार उभी बसवायला सांगितली, जागा वाचते म्हणून. मोटार होती आडवी चालणारी. मिस्त्रींनी दोन दिवस खपून ती उभी केली, ओळंब्यात आणली, चालवून पाहिली. मग खालच्या बेअरिंगखाली बोट फिरवलं, अंगठ्यावर चोळलं आणि धोतराला पुसलं.

आमच्याकडे रिवाज असा, की मशीन जो बसवील त्यानंच नारळ फोडायचा. त्या दिवशी मिस्त्रींनी नारळ माझ्या हातात दिला.

"मी? मिस्त्री, काम तुमचं!"

"फोड की. आता तूबी मोठा झालास."

माझे डोळे भरून आले. घरी आईला खोबरं देताना मी काय बढाई मारली, ते आठवलं की अजून कान तापतात.

पाचव्या दिवशी मोटार जळाली. उभी केल्यामुळे बेअरिंगमधलं तेल थेंबाथेंबानं गळून गेलं होतं. साहेबांनी विचारलं, "कुणी बसवली?"

मिस्त्री खाली बघत म्हणाले, "नारळ कुणी फोडला, इचारा की."

त्या बोटाला काय लागलं होतं, ते मला तेव्हा कळलं. आपल्या माणसानं असा गळा कापल्यावर काय बोलायचं असतं, ते मला ठाऊकच नव्हतं. नोकरी गेली. नोकरी काय, दुसरी मिळाली. माझा राग आहे तो त्या नारळाचा.

रविवारी ते माझी हत्यारं घेऊन दारात आले. "चार पोरी हायेत मला," एवढंच म्हणाले. मी त्यांना आत या म्हटलं नाही. गाठोडं उंबऱ्यावर ठेवून ते गेले. सोडलं तर प्रत्येक पाना तेल लावून पुसलेला, आणि तळाशी त्यांचा ओळंबा.

तो परत द्यायला मी वर्षभर गेलो नाही. गेलो तेव्हा मिस्त्री वारून दोन महिने झाले होते.

नवं मशीन बसवताना आजही तोच ओळंबा सोडतो, त्यांच्यासारखाच श्वास धरतो. नारळ मात्र माझ्या हाताखालच्या कुणाला देत नाही. स्वतःच फोडतो.