मावसबहिणीचं भाईंदर

माझी मावसबहीण मला भाईंदर दाखवायची ते असं, जणू तिच्या बापानेच ते वसवलं होतं. साठ-पासष्टच्या सुमाराला भाईंदर म्हणजे तरी काय, मोठं खेडंच. पण आसपासच्या गावांचं पान त्याच्यावाचून हलत नसे. पंचायतीची कौलारू कचेरी तिथे, पोस्ट तिथे, बाजार तिथे, स्टेशनाबाहेर टांगे. खाडीवरचा पूल दाखवून ती म्हणायची, "ह्यो गोऱ्या सायबाचे येलचा हाय." बंदरावर नेऊन आजोबांच्या काळातल्या गलबतांच्या गप्पा मारायची. आणि मग हमखास विचारायची, "तुमचे गावान काय हाय?"

आमच्या मुर्ध्यात मीठ होतं. जिकडे पाहावं तिकडे मिठागरं, आणि विहिरीचं पाणी मचूळ. तिच्या दारात मात्र गोड्या पाण्याची विहीर. एका आईच्या दोन लेकी, एक मिठात पडली आणि एक पोस्टाशेजारी. याचा राग माझ्या आईला कधी आला नाही, तो सगळा मला आला. पोस्टमन मावसबहिणीला नावाने हाक मारायचा, तेवढ्यानेही माझ्या पोटात दुखायचं.

पुढे मला पाहायला समुद्रकाठच्या तारोडीहून पाहुणे आले. मुलगा गोदीत कामाला. मी दाराआडून पाहिलं, तर तो आपल्या म्हाताऱ्या आईला हात धरून ओट्यावर चढवत होता. हाच हवा, असं मी मनाशी तिथेच ठरवून टाकलं.

आमच्या घरात जन्मभर गुळाचा कोरा चहा. पाहुण्यांसाठी म्हणून आईने त्या दिवशी मुद्दाम साखर आणि दूध आणवलं. दूध पातेल्यात ओतलं आणि चहा फाटला. पुन्हा केला, तोही फाटला. आई दुधाला शिव्या घालत बसली. मचूळ पाण्यात दूध नासतं हे आम्हाला कळणार कुठून? मदतीला आलेल्या मावशीने बाजू सावरली. पाहुण्यांना तसंही भाईंदरच्या बाजारात जायचं होतं. ती म्हणाली, "चला, च्या आमचे घरा घेऊ."

तिथे चहा मावसबहिणीने केला. आठ दिवसांनी तारोडीचा निरोप आला, तो तिच्यासाठी.

लोक म्हणाले, ज्याचं त्याचं नशीब. कसलं नशीब, विहीर म्हणा! मावशीने आमची लाज राखायला ते केलं हे मला समजत होतं, तरी त्या लग्नातला लाडू मी पानात तसाच टाकून उठले.

मग माझंही लग्न झालं, आणि कुठे, तर भाईंदरातच. नवरा पंचायतीत शिपाई. पोस्ट खिडकीतून दिसायचं, बंदर हाकेच्या अंतरावर, गोडं पाणी हवं तेवढं. ती गेली पार समुद्राच्या टोकाला. मला वाटलं, झाली फिट्टंफाट. माहेरचं कुणी आलं की आता मीच पूल दाखवत मिरवायची.

एकदा ती आणि तिचा नवरा गाडीसाठी भाईंदरला आले. मी त्यांना स्टेशनावर सोडायला निघाले. वाटेत ऐटीत सांगितलं, कचेरीला नवा रंग दिलाय, पोस्टात आता फोन आहे. तिने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. ती नवऱ्याला आपल्या कोंबड्यांचं काहीतरी सांगत होती. कुठली खुडूक बसली, कुठली अंडी फोडते. आणि तो ऐकत होता. मध्येच थांबून विचारत होता, "मंग त्या काळीचा काय झाला?"

माझा नवरा वाईट नव्हता. पण जेवताना मी काही बोलायला लागले की तो ताटातून नजर वर करत नसे. अख्खं भाईंदर घे, पुलासकट घे, आणि तुझा हा माणूस मला दे, असं अगदी माझ्या ओठावर आलं होतं. गाडी आली, ती दोघं हात हलवत गेली.

घरी येऊन मी भांडी घासायला बसले. ओटीवरून सासूबाई ओरडल्या, "भांडी घासतेस का फोडतेस गो? काय झाला?"

"काय न्हाय," मी म्हटलं आणि पुढचं पातेलं ओढलं.