राबाची राख

वसई तालुक्यातल्या चांदीपच्या शेतांतून नवा रस्ता जाणार होता. त्याआधी महिनाभर आम्ही तिथे उत्खनन करत होतो. हजारो वर्षांपूर्वी इथे कुणी भात पिकवलं होतं का, एवढंच शोधायचं होतं. पथकात वसईचा मी एकटाच. त्यामुळे काहीही निघालं की आमच्या प्रमुख बाई माझ्याकडे वळायच्या, "तुम्ही इथले, तुम्हीच सांगा." मला ते फार आवडायचं.

एका सखल खाचरात गुडघाभर खोलीवर काळ्या राखेचा थर लागला. मी बघितलं न बघितलं आणि सांगून टाकलं, हा राब. पेरणीआधी पालापाचोळा आणि शेण जाळून जमीन भाजतात, तो. वर पुराचा गाळ बसला असेल. नोंदवहीत लिहिलं, 'अलीकडचा थर, उपयोग नाही.'

वास्तविक मी किनाऱ्याकडच्या भुईगावच्या बागायती वाडीतला. केळी आणि पानवेल यांच्यापलीकडे माझी अक्कल जात नाही. भात मी ताटातच पाहिलेला.

ज्यांचं ते शेत, त्या मावशी आमच्याकडेच कामाला होत्या. घमेलं खाली ठेवून म्हणाल्या, "दादा, आमी इथं राब नाय करत. इथं पानी साचतं. राब वरच्या अंगाला, उतारावर."

सगळ्यांसमोर त्यांनी मला खोटं पाडलं, याचा मला राग आला. मी म्हणालो, तुमच्या पणजोबांनी केला असेल. सगळे हसले, मावशीही हसल्या. त्या थरात चाकाशिवाय, नुसत्या हाताने घडवलेली जाड खापरं मी पाहिली होती. अशी भांडी कुणाच्या पणजोबांच्या घरात नसतात, हेही मला ठाऊक होतं. पण थर जुना मानला असता तर सगळी माती पाण्यात कालवून, तरंगेल ते गाळून घ्यावं लागलं असतं, आणि हातात दिवस उरले होते चार. मी माती ढिगावर टाकायला लावली. मावशींनी विचारून दोन घमेली मिरच्यांसाठी घरी नेली. उरलेला ढीग रस्तेवाल्यांनी भरावाला उचलला.

आम्ही सामान बांधत होतो त्या दिवशी मावशी आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी माझ्या तळहातावर काळे दाणे ठेवले. मिरच्यांना पाणी घालताना वर तरंगून आले होते.

"जललेलं भात हाय, दादा. राबात भात कोन जालतो?"

दाणे डबीत भरले आणि बघतो म्हणालो. प्रयोगशाळेत पाठवले असते तर त्यांचं वय कळलं असतं. पण पहिला प्रश्न आला असता, कुठल्या थरातले? आणि उत्तर माझ्याच अक्षरात होतं. डबी अजून माझ्या कपाटात आहे. मी भित्रा निघालो, दुसरं काही नाही.

परवा त्या रस्त्याने गेलो. कडेला मावशी भाजी घेऊन बसल्या होत्या, रस्त्यातून उरलेल्या शेताच्या तुकड्यातली. मला पाहून उठल्या आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगू लागल्या, आमचं शेत लय जुनं, या दादांनी शोधलंय. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आलं का ओ पुस्तकात आमचं शेत?"

"आलं," मी म्हणालो. खोटं नव्हतं. अहवालात एक ओळ आहे, 'अलीकडचा थर, उपयोग नाही.'

मावशींनी माझ्या पिशवीत मूठभर मिरच्या जास्तीच्या टाकल्या.