डावीकडचा ढोल

माझ्या थोरल्या साडूंइतकं दोन सेकंदांवर प्रेम करणारा माणूस कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नसावा. जिल्हा मी पूर्ण तपासलेला नाही, म्हणून ‘नाही’ न लिहिता ‘नसावा’ लिहिलं आहे. पण वारणानगरच्या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवल्यामुळे अंदाज बांधायची थोडी सवय आहे आणि हा अंदाज चुकेल असं वाटत नाही. शाहूपुरीत त्यांचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, वर माडीवर घर आहे आणि त्या माडीच्या मागच्या खोलीत अमेरिकेतल्या जुन्या फंक, सोल आणि जॅझ संगीताच्या रेकॉर्डी आहेत. ‘पाचशे हायत’ असं ते सगळ्यांना सांगत. मी एका रविवारी मोजल्या, तर चारशे त्रेसष्ट निघाल्या आणि त्यातली तीन पाकिटं रिकामी होती. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन आला, ‘पावणं, चारशे साठ. बास?’

या रेकॉर्डी ते गाणी ऐकण्यासाठी ठेवत नाहीत, हे मला कळायला बरीच वर्षं गेली. हिप-हॉप नावाचा जो अमेरिकन प्रकार आहे, ज्यात गायक गात नाही तर तालात भराभर बोलतो, त्याच्या मागे वाजणारा ताल पुष्कळदा मुळात वाजवलेलाच नसतो. कुठल्यातरी जुन्या रेकॉर्डमधला दोन-चार सेकंदांचा तुकडा उचलायचा आणि तोच पुन्हा पुन्हा फिरवायचा. त्याला सॅम्पल म्हणतात. आमच्या अक्का, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहीण आणि साडूंच्या सौभाग्यवती, हे फार थोडक्यात सांगतात : ‘जुन्या लुगड्याचा काठ काढून नव्या झंपराला लावत्यात, तसं.’ तर नव्या झंपरावरून जुनं लुगडं हुडकून काढायचं, हा साडूंचा आयुष्यभराचा उद्योग. हे वेड लागलं ते एका शेअर रिक्षात. रिक्षावाल्यानं असलं एक गाणं मोठ्यानं लावलं होतं. साडू शाहूपुरीत उतरायचं सोडून थेट शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि घरी आल्यावर म्हणाले, ‘बोलणारा पोरगा आत्ताचा हाय, पण मागचा ढोल त्याच्या बापाच्या वयाचा हाय. जुन्या कातड्याचा वास येतोय त्येला.’ ड्रमला ते ढोलच म्हणतात. कर्णा म्हणजे ट्रम्पेट, पेटी म्हणजे पियानो.

त्यांच्याकडे कधीही जा, पूर्ण गाणं ऐकायला मिळत नाही. रेकॉर्ड लावतात, सुई मधेच कुठेतरी अचूक उतरवतात, बाकीचे वादक गप्प होऊन एकटा ढोल वाजतो तेवढे दोन सेकंद ऐकवतात आणि सुई उचलतात. मी एकदा म्हटलं, ‘अहो, गाणं तर चांगलं चाललं होतं.’ तर म्हणाले, ‘त्ये वऱ्हाड हाय पावणं. नवरदेव होऊन गेला.’ रेकॉर्डी ते रिठ्याच्या पाण्यानं परातीत धुतात आणि भांड्यांच्या मांडणीत ताटांच्या जागी उभ्या वाळत घालतात. त्यावरून अक्का वर्षातून किमान चार वेळा विचारतात, ‘उद्या पावणं जेवायला आलं तर ह्याच्यावरच वाढू काय भात?’ त्यावर साडूंचं ठरलेलं उत्तर, ‘वाढ की. पण गरम वाढू नगंस, वाकंल ती.’

कुरुंदवाडला, त्यांच्या मूळ गावी, चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. वरातीतल्या गाडीवर लावलेल्या गाण्यात साडूंना ओळखीचा ढोल ऐकू आला. एवढ्या गर्दीतून वाट काढत ते गाडीपर्यंत गेले आणि गाणं लावणाऱ्याचा हात धरून हा तुकडा कुठल्या रेकॉर्डच्या कुठल्या बाजूला आहे ते सांगू लागले. चष्मा, पांढऱ्या मिशा आणि टोपी पाहून त्या बिचाऱ्याला वाटलं, कुणीतरी वजनदार माणूस आवाजाची तक्रार करतोय. त्यानं सगळंच बंद केलं. नाचणारे जागच्या जागी थांबले, घोडा थांबला, आणि भर रस्त्यात शांतता पसरली. त्या शांततेत साडूंचा आवाज ऐकू येत होता, ‘अरं लेका, मी वाढवाय सांगाय आलोय!’ वरात चार मिनिटं थांबली होती. पुढे सांगताना लोक अर्धा तास म्हणतात, पण माझ्या हातात घड्याळ होतं.

हाच कान त्यांचं दुकानही चालवतो. शेतकरी बिघडलेला पंप घेऊन येतात, साडू तो चालू करतात, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवून मूठ डाव्या कानाला लावतात आणि डोळे मिटून सांगतात, ‘मागलं बेअरिंग गेलंय.’ मी मुद्दाम मोजून पाहिलं आहे. एका दिवसात अकरा पंप, अकरा बरोबर.

अशा माणसाचा कान गेला तर काय होईल, हा विचार माझ्या मनात कधीही आला नव्हता. गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. साडू नेहमीची जागा सोडून भिंतीकडे, अशा बेतानं बसले की सगळी माणसं उजव्या हाताला यावीत. मी सांगितलं, ‘येताना एसटी बंद पडली.’ ते म्हणाले, ‘छान छान.’ अक्कांनी विचारलं, ‘आमटी वाढू?’ ते म्हणाले, ‘त्येला कळवतो.’ शेजारी बसल्यावर लसणाच्या तेलाचा उग्र वास आला आणि डाव्या कानात कापसाचा बोळा दिसला. जेवण झाल्यावर मला मागच्या खोलीत नेऊन त्यांनी दार लावलं, आणि पंपाच्या दुकानात ओरडून ओरडून बसलेला तो आवाज अगदी बारीक करून म्हणाले, ‘पावणं, डावा कान गेला.’

मी म्हटलं, ‘असा कसा गेला?’

‘ढोलवाला गेला की वो! ह्या रेकॉर्डीत त्येला सगळा डाव्या अंगाला बसवलाय. बारा दिवस झालं, हेडफोन लावतो. कर्णा हाय, पेटी हाय, ढोल न्हाय. डावीकडं सगळा शुकशुकाट.’

‘डॉक्टरकडे गेलात?’

‘डॉक्टर गेला म्हणला की गेलाच. मी म्हणतोय तवर अर्धाच गेलाय.’

अक्कांना सांगितलं नव्हतं. दुकानात परवा चांगलं बेअरिंग खराब म्हणून बदलून दिलं, ते गिऱ्हाईक परत आलं, तेव्हापासून पंप ऐकायचंच टाळत होते. आता उजवा आहे तोवर सगळ्या रेकॉर्डी एकदा ऐकून घ्यायच्या, असं ठरवून त्यांनी एक वही केली होती आणि रोज दोन-तीन ऐकून तीत नावं लिहीत होते. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, रेकॉर्डींच्या कपाटाकडे बघत होते. धीराचे चार शब्द मला जमत नाहीत. मला क्रम विचारता येतो, तो विचारला.

‘आधी कापूस, की आधी ढोल गेला?’

‘आधी ढोल. मग आपलं लसणीचं तेल घातलं. मग कापूस. मग लोकांचं बोलणं बी ऐकू येईना झालं.’

‘कापूस घातल्यावर कसं येईल? बरं, हेडफोन उलटा लावून बघितलात?’

साडूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी देवघरात चप्पल घालून शिरलो होतो. ‘उलटा? त्याच्यावर डावं-उजवं लिव्हलंय पावणं. रेकॉर्ड भरणाऱ्यानं ढोल डावीकडं बसवला. त्येला उजवीकडं बसवणारा मी कोन?’

‘रेकॉर्ड वाजवायचं मशीनच बिघडलं असेल तर?’

‘मशीन जपानचं हाय, कान कुरुंदवाडचा. बिघडणार कोन, तुम्हीच सांगा.’

बारा दिवस हा माणूस हेडफोनवरच्या ‘L’ या एका अक्षराचा मान राखून घाबरत बसला होता. मी कापूस काढायला लावला, रुमालानं तेल पुसलं, रेकॉर्ड लावली आणि हेडफोन उलटा करून त्यांच्या डोक्यावर चढवला. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले, लहान मूल इंजेक्शन घेताना मिटतं तसे. मी सांगितलं, ‘आता नीट सांगा. डाव्या कानाला काय येतंय?’

त्यांनी डाव्या बाजूचा हेडफोन तळहातानं दाबून धरला. मग म्हणाले, ‘कर्णा.’

‘आणि उजव्याला?’

‘काय न्हाय.’ त्यांनी डोळे उघडले. ‘उजवा बी गेला?’

‘अहो, उजव्या कानानं आत्ता माझं ऐकताय! कान दोन्ही आहेत. मशीनची एक बाजू गेलीय.’

त्यांचा विश्वास बसेना. मग आम्ही सुलटं-उलटं असं पाच वेळा केलं, दर वेळी त्यांनी डोळे मिटून आणि मी न सांगता. हेडफोनची तीच बाजू पाचही वेळा मुकी निघाली, मग ती कुठल्याही कानावर असो. पाचव्यांदा ते कॉटवर मटकन बसले, दोन्ही कान हातांनी चाचपून पाहिले आणि एकदम उठून दार उघडून स्वयंपाकघराकडे ओरडले, ‘अगं ए! मशीन बिघडलं! मशीन बिघडलं गं! चहा टाक!’

तिकडून अक्का म्हणाल्या, ‘बिघडलं तर एवढं नाचायला काय झालं?’ आणि माझ्या पत्नीला हळूच विचारलेलंही मला ऐकू आलं, ‘गुळाचा शिरा करू काय? न्हाय, ह्ये लईच खूश दिसत्यात.’

दुरुस्ती अगदी किरकोळ होती. सुईच्या वर केसाएवढ्या चार तारा असतात, त्यातली पांढरी सुटली होती. बहुधा दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्याच ब्रशानं ओढली गेली असावी. चिमट्यानं ती जागेवर बसवली आणि ढोलवाला डावीकडे येऊन बसला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बळेच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाव वाटी भरेल असं वाटावं इतकं तेल बाहेर काढलं आणि सांगितलं की कान ठणठणीत आहेत, वयाप्रमाणे अगदी बारीक आवाज थोडे कमी येतील, ते पन्नाशीनंतर सगळ्यांचंच होतं. बाहेर पडल्यावर साडू म्हणाले, ‘सगळ्यांचंच होतंय न्हवं? मग हरकत न्हाय.’ मला मात्र रस्ताभर पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखं हलकं वाटत होतं. त्यांच्यापेक्षा मीच जास्त घाबरलो होतो, हे तेव्हा कळलं.

घरी आल्यावर त्यांनी ती वही माझ्यापुढे टाकली आणि खोडरबर दिलं. ‘पेन्सिलीनं लिव्हलंय. आता खोडा.’ उघडून पाहिली. एकतीस रेकॉर्डींची नावं होती, आणि प्रत्येकीपुढे, ती पुढे कुणाकडे जायची त्या रकान्यात, माझं नाव होतं. मी म्हटलं, ‘मला यातलं काही कळत नाही. तुमच्या लेकीला का नाही?’

‘लेकीला मोबाईल पुरतोय. आणि तुम्हांला कळाय कशाला पायजे? जेवढ्या दिल्या तेवढ्या बरोबर ऱ्हातील. ह्या ढोल वाजवणाऱ्यांचं पाकिटावर नाव बी नसतंय पावणं. सगळं जग त्यांच्यावर नाचतंय आन् कोन मोजतंय? तुम्ही निदान मोजाल.’

मी खोडायला बसलो. वरून खाली, ओळीनं, स्वतःचं नाव तीस वेळा खोडलं. सुटका झाल्यासारखंच वाटत होतं. एवढ्या रेकॉर्डी आमच्या दोन खोल्यांत ठेवल्या कुठे असत्या? एकतिसाव्या नावाशी हात थांबला. म्हटलं, ‘हिच्यात काय आहे तेवढं ऐकवा तरी.’ त्यांनी ऐकवलं. ढोल एकटाच वाजत होता, कसलीच घाई नसलेल्या माणसासारखा. मला त्यातलं काही कळलं असं म्हणवत नाही. मग तेही नाव खोडलं, पण जरा हलक्या हातानं. उजेडाकडे धरलं तर अजून वाचता येतं.